पोपटांचा पलंग

जुन्या पलंगावरचा हिरव्या ऑइलपेंटचा जाड थर खरडता खरडता शरदिनीकाकूंच्या पट्टीखालून एक पोपट बाहेर आला. मग त्याच्या समोरचा दुसरा. दुसऱ्याला चोच नव्हती. काकूंनी पट्टी टाकली, पदरानं लाकूड पुसलं, चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि सत्तरीला टेकलेल्या वयात अशी काही "अय्या!" म्हणाल्या की चौकातली माकडं गच्चीवर पळाली.

तो त्यांचाच पलंग होता. लग्नात माहेराहून, उज्जैनहून आलेला, शिसवी, उशाशी पोपट कोरलेला. चोच हमालांनी याच घराच्या उंबऱ्यावर आपटून उडवली होती. आणि गेल्या वर्षी काकूंचे यजमान गेले तेव्हा हाच पलंग त्यांच्या नावानं शय्यादानात दिला गेला होता. गेलेल्याला वर अंथरूण मिळावं म्हणून पलंग, गादी, उशी, छत्री सगळं ब्राह्मणाला द्यायचं, अशी रीत. काकूंचे धाकटे दीर शिवरामभटजी शास्त्राला धरून चालणारे. त्यांनी सगळं यथासांग पार पाडलं. काकू तेव्हा भिंतीकडे बघत बसल्या होत्या, त्यांना कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून त्या फोमच्या गादीवर झोपत होत्या, म्हणजे रात्रभर कूस बदलत होत्या.

आता काशीत दान घेणारा ब्राह्मण तरी किती पलंगांवर झोपणार? पलंग बाजारात जातात, रंग फासून विकले जातात. हे ऋताला ठाऊक नव्हतं. ऋता साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून इथे आली आणि काकूंची खालची खोली भाड्यानं घेऊन तिनं जुन्या फर्निचरचा उद्योग मांडला. मोडकंतोडकं आणायचं, खरडायचं, घासायचं, पॉलिश करायचं आणि फोनवर फोटो टाकून विकायचं. काकू हौसेनं हाताशी असत.

"काकू, इथे एवढे देखणे पलंग एवढ्या स्वस्तात कसे हो मिळतात?" ती विचारायची.

"बाबा विश्वनाथाची कृपा," असं म्हणून काकू पॉलिशपेपर जोरात घासायच्या.

त्यामुळे आता खरं सांगायची पंचाईत झाली. दिलेलं दान परत घरात घ्यायचं नसतं. शिवरामभावजींना कळलं तर आकाशपाताळ एक करतील. शिवाय हा पलंग अस्सी घाटावरच्या एका प्रोफेसरीणबाईंना कबूल झाला होता, मुलीच्या लग्नासाठी. ऋताचं हे पहिलंच मोठं काम. काकूंना पोरीचं नुकसान नको होतं आणि पलंग तर हवाच होता. दोन्ही एकदम जमायचं नाही हे त्यांना चांगलं कळत होतं, पण मन ऐकेल तर शपथ! त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि ती गाणं गुणगुणत खाल्लीसुद्धा.

मग काकूंनी वेळकाढूपणा सुरू केला. ऋतानं पॉलिशचा बोळा फिरवावा, शिसवीचा काळसर तांबूस रंग उजळत यावा आणि काकूंनी गुपचूप तेलाचं बोट लावून म्हणावं, "अजून चिकटच लागतंय गं!" ऋतानं पुन्हा घासावं. चोच लाकडाच्या भुशानं भरून काढू असं ती म्हणाली तेव्हा काकू कडाडल्या, "खबरदार!" एवढी सोशीक बाई एका पोपटासाठी का चिडली हे ऋताला कळेना.

शेवटी चार मजूर आलेच. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून पलंग खांद्यावरून पंचगंगा घाटावर न्यायचा आणि तिथून नावेनं अस्सीला, असं ठरलं होतं. पॉलिशला चरे पडू नयेत म्हणून ऋतानं पलंगावर केशरी साटीनची चादर अंथरली. ती दोरी आणायला वळते तोच काकू पलंगावर चढल्या, आडव्या झाल्या, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटून घेतले.

"काकू, उतरा."

"नाही उतरत."

"अहो, लोक खोळंबलेत! काय झालंय तुम्हाला?"

"हा पलंग माझा आहे," डोळे न उघडता काकू म्हणाल्या. ऋताला वाटलं, म्हातारीला लळा लागलाय पलंगाचा. तिनं समजावलं, हात ओढला, शेवटी कपाळाला हात लावला. मुकादम अदबीनं म्हणाला, "मैडम, माताजी को भी पहुँचा दें?"

ऋताचं डोकं फिरलं होतं. दहा पावलांत भिऊन उतरतील, या हिशेबानं ती म्हणाली, "उठाओ!"

आणि त्यांनी उचललं की हो! काकूंनी आधी पलंगाच्या कडा घट्ट धरल्या, मग त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. त्यांनी डोळे किलकिले केले, तर वर दोन भिंतींमधून आकाशाची निळी पट्टी सरकत होती. पाठीखाली तोच ओळखीचा पलंग करकरत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं अंग सैल झालं, डोळे पुन्हा मिटले. चौघांच्या खांद्यावर, केशरी चादरीत, डोळे मिटून पडलेल्या, आणि चालल्या होत्या गंगेकडे. त्या कशा दिसत असतील हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

गल्लीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. पानवाला उठून उभा राहिला. दूधवाल्यानं सायकल भिंतीला टेकवून हात जोडले. एका कोपऱ्यावरून कोणीतरी गंभीरपणे सुरुवात केली, "राम नाम सत्य है!" आणि मागून चारपाच जणांनी साथ दिली.

काकू ताडकन उठून बसल्या. "सत्य है भैया, पर अभी हमारा नंबर नहीं आया!"

दूधवाला किंचाळला. पुढचा मजूर दचकून खाली बसला, पलंग कलला, काकूंनी दोन्ही पोपटांच्या माना धरल्या. मग पानवाला हसला, आणि हसू गल्लीभर पसरलं. ऋता मागून धावत येत होती. रागवायचं ठरवूनही तिला हसूच फुटत होतं.

घाटाच्या तोंडाशी मात्र शिवरामभटजी ओलेत्यानं वर येत होते. त्यांनी वहिनींना पाहिलं, मग पोपट पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी! हा तर दानातला पलंग!"

"दानातला?" ऋता थबकली. भटजींनी शय्यादान म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "म्हणजे मी आजवर जे पलंग विकले ते..."

"बहुतेक सगळे," काकू म्हणाल्या. "आणि हा लग्नघरी चाललाय."

"नवरानवरीला? बिलकुल नाही!" भटजी म्हणाले. "आणि वहिनी, तुम्हीसुद्धा उतरा. दादाचं अंथरूण आहे हे. परत घेतलंत तर वर त्यानं कशावर पडायचं?"

"तुमचे दादा या पलंगावर कधी झोपलेच नाहीत!"

हे बोलायचं नव्हतं. जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळ्या गल्लीसमोर निघून गेलं. आता मागे फिरणं नव्हतं.

"कंबर धरायची त्यांची मऊ गादीवर. लग्नाच्या पहिल्याच रात्री खाली सतरंजी टाकली. मी वर, ते खाली. सासूबाईंनी भलता अर्थ काढला असता, म्हणून आम्ही दोघं गप्प. खालून हात वर करायचे, माझा हात धरायचे, की लागले घोरायला." काकू थांबल्या नाहीत. "तुम्ही माझा पलंग देऊन टाकलात, भावजी. आणि शास्त्राप्रमाणे तो पोचला असेल, तर वर्षभर ते तिकडे कंबर धरून बसले असतील बिचारे!"

शिवरामभटजी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते. आधी मिशी हलली, मग पोट. मग ते पायरीवर बसून असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसलं तरी थांबेना, कारण आता ते रडत होते. "दादा घाटाच्या दगडावर आडवा व्हायचा," ते म्हणाले. "मी म्हणायचो, काय हे वेड!"

मग ते उठले, नाक ओढलं आणि निर्णय दिला. "दुसऱ्याच्या वस्तूचं दान होत नसतं. म्हणजे हा पलंग दिलाच गेला नव्हता. दादासाठी आजच सतरंजी दान करू. ऋता, लग्नघरी फोन लाव."

"पण त्यांना सांगू काय?"

"पलंगाची मालकीण सापडली म्हणावं. नवा पलंग त्यांच्यासाठी घडवून घेऊ, मी सुतार देतो." मग मजुरांकडे वळून, "चलो, वापस घर!"

"माताजी समेत?" मुकादमानं विचारलं.

"माताजी समेत!" मघाशी दचकून बसलेल्या मजुराच्या जागी भटजींनी स्वतःच खांदा दिला, ओल्या धोतरासकट.

काकू पुन्हा आडव्या झाल्या. पानवाल्यानं "हर हर महादेव!" ची आरोळी दिली. तोवर त्यांना पेंगही आली होती आणि त्यांचा हात सवयीनं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. ऋतानं तो आपल्या हातात घेतला आणि घरापर्यंत तशीच चालत आली.