सर्व्हरच्या खोलीचा उंबरा

"पूजा इथेच होईल, अण्णा. उंबऱ्याच्या बाहेर."

चंद्रभागाबाई फडोळ सर्व्हरच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभ्या होत्या. समोर रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष धोंडीरामअण्णा तिदमे चांदीचे ताट हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागे अर्धे रुग्णालय जमले होते. खंडेनवमीचा दिवस होता. एक्स-रेचे यंत्र, शस्त्रक्रियेच्या खोलीतले दिवे, रुग्णवाहिका, स्वयंपाकघरातला मोठा कुकर, साऱ्यांना हळदकुंकू वाहून झाले होते. एवढी एकच खोली राहिली होती.

"बाई, माझ्या वडिलांपासून ही पूजा चालत आलीय," अण्णा म्हणाले. "एक खोली सुटली नाय आजवर."

"यंदाही सुटणार नाही. दाराला तोरण मी स्वतः बांधलंय, आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या झेंडूचं. फक्त आत कुणी जायचं नाही."

"कुणी म्हणजे? मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

गर्दीतून औषध विभागातल्या जीवन बोरस्तेचा आवाज आला. "ताई, आता देवालाही पासवर्ड लागतो काय?"

"देवाला नाही लागत, जीवन. देवाच्या नावानं खिशात पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्याला लागतो."

हशा पिकला आणि लगेच विरला. मागच्या खंडेनवमीला काय घडले होते, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

चंद्रभागाबाई या रुग्णालयात लागल्या त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पंचवटीतल्या त्या जुन्या इमारतीत जिन्याखाली त्यांचा बोर्ड होता. कानाला यंत्र लावून बसायचे, आलेल्या माणसाला हव्या त्या विभागाशी जोडून द्यायचे. "कोण बोलतंय?" हा प्रश्न त्यांनी कुणालाही चुकवू दिला नाही. एका विश्वस्तांचे जावई एकदा फोनवर संतापले, "तुम्ही मला ओळखत नाही?" बाई म्हणाल्या, "ओळखते. पण नाव तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय जोडत नाही." तक्रार झाली; बाईंनी आपली रीत बदलली नाही.

नव्वदचे दशक सरता सरता आपोआप चालणारे एक्स्चेंज आले आणि जिन्याखालचा बोर्ड उचलला गेला. व्यवस्थापनाने त्यांना धुलाईच्या कोठारात जागा देऊ केली. चादरी मोजण्यात कमीपणा नव्हता, परंतु आपले काम कोणी आपल्यासाठी ठरवावे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी कॉलेज रोडवरच्या एका संगणक वर्गात नाव घातले. लेकीच्या वयाच्या मुलींमध्ये नऊवारीतली ही एकटी बाई बसे. त्यांच्या आई भागुबाई बाजारात फुलांची पाटी मांडत. त्या म्हणाल्या, "या वयात साळा? त्यापरीस माझ्यासंगं फुलं इकायला ये."

"फुलं तू विक, आई. मी हे शिकणार."

दोन हजार एक साली रुग्णालयातले सारे संगणक तारांनी एकमेकांना जोडले गेले आणि त्यांची देखरेख कोणी करायची असा प्रश्न आला. कोणी पुढे होईना. चंद्रभागाबाई उठून उभ्या राहिल्या. पूर्वी कपड्यांचे गठ्ठे ठेवत ती खिडकी नसलेली खोली सर्व्हरला मिळाली आणि तिची किल्ली बाईंच्या कमरेला आली.

त्या काळी सगळ्या रुग्णालयाचा पासवर्ड एकच होता, 'गणपती'. आपल्या घराची किल्ली आपण शेजारी ठेवतो ना, तितक्याच सहजपणे लोक तो एकमेकांना सांगत. लपवणे म्हणजे शेजाऱ्याचा अपमान. बाईंनी प्रत्येकाला आपापला वेगळा शब्द ठरवायला लावला आणि तो कुणालाही सांगायचा नाही असा नियम केला. मुख्य परिचारिका शुभांगी काठे त्यांची जिवाभावाची मैत्रीण होती. तीच पहिल्यांदा रुसली.

"माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा?"

"आहे. म्हणूनच तुझा शब्द मलाही सांगू नकोस."

हा रुसवा गेला. लोकांना सवय झाली. मात्र खंडेनवमीला त्या खोलीचे दार सताड उघडे राही, कारण त्या दिवशी यंत्राला हात लावून नमस्कार करण्याचा मान प्रत्येकाचा असे. झाडणाऱ्या बाईचा आणि रुग्णाच्या नातेवाइकाचासुद्धा. बाईही भाविक होत्या. इतकी वर्षे त्यांनी त्या दिवसापुरते दार उघडे ठेवले होते.

मागच्या वर्षी जीवनला वाटले, आरतीला टाळ्यांची साथ पुरत नाही. त्याने घरून स्पीकर आणले आणि आरत्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह सरळ सर्व्हरला लावला. त्याच्या मनात भक्तीखेरीज काही नव्हते. आरती खणखणीत झाली, प्रसाद वाटला गेला. पेन ड्राइव्हवरचा व्हायरस मात्र आरती संपण्यापूर्वीच तारांवरून विभागाविभागांत पोहोचला होता. प्रयोगशाळेतला संगणक पहिला गेला. बाईंनी धावत जाऊन सगळ्या तारा उपटल्या, तेव्हा कुठे बाकीचे विभाग वाचले. परंतु तपासण्यांचे अहवाल तेव्हा थेट संगणकात भरत असत, आणि सुट्टीमुळे त्यांची दुसरी प्रत घेतलेली नव्हती. ते परत मिळाले नाहीत.

दसऱ्यानंतर पेठकडच्या डोंगरातून लंकाबाई नावाची एक अशक्त बाई, सणाआधीच रक्त तपासायला देऊन गेलेली, शस्त्रक्रियेसाठी आली. तिचे अहवाल हरवले असल्यामुळे रक्त पुन्हा घ्यायचे आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलायची असे ठरले. हे तिला सांगायला डॉक्टरांनी चंद्रभागाबाईंनाच पाठवले. लंकाबाईने दंडावरचा पदर मागे सारला, कोपराजवळच्या काळ्यानिळ्या डागाकडे पाहिले आणि विचारले, "माझा रगत तुमचे डब्यात हरवला का, बाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

चंद्रभागाबाईंनी तिला "हो" म्हटले, आणि त्याच दिवशी मनाशी पक्के केले की हे दार पुन्हा कुणासाठीही उघडायचे नाही.

आता वर्षाने अण्णा त्याच दारासमोर उभे होते. ताटातली निरांजने वाऱ्याने फडफडत होती.

"मी एकटा जातो," अण्णांनी आवाज उतरवला. "माझ्याकडे कसला पेन ड्राइव्ह? फुल वाहतो, बाहेर येतो. तुमचाही मान राहील, माझाही."

"आज तुम्ही गेलात तर पुढल्या वर्षी तुमच्या मागून सगळे जातील. त्यांना मी कोणत्या तोंडानं अडवू?"

"तुम्ही पगारी आहात, बाई, हे विसरू नका."

"विसरले नाही. पगार राखण करायचा घेते."

अण्णांच्या कपाळावरची शीर तटतटली. एवढ्या लोकांदेखत त्यांना असे कुणी बोलले नव्हते. "मग किल्ली द्या इकडे. आत्ता. आजपासून ही खोली दुसरं कोणी बघेल."

चंद्रभागाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि ताटाच्या कडेला, कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवली. "किल्ली मंडळाची आहे, अण्णा. मी नाही म्हणणार नाही. पण जो कोणी हिनं दार उघडेल, त्यानं पुढच्या लंकाबाईसमोर स्वतः जाऊन उभं राहायचं. मी एकदा राहिलेय."

त्या दारासमोरून बाजूला झाल्या.

अण्णांनी किल्ली उचलली. "जीवन, घे. उघड."

जीवनने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नको, अण्णा. माझं मागच्या वर्षीचंच अजून फिटलं नाही."

"सिस्टर, तुम्ही."

शुभांगीने नकारार्थी मान हलवली. अण्णांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत गेली आणि एकेक चेहरा खाली झुकला. हा काही कट नव्हता. कुणी कुणाशी बोललेले नव्हते.

अण्णा किल्ली धरून उभे होते. त्यांना स्वतःला दार उघडता आले असते. कुणी अडवले नसते. शेवटी त्यांनी गुडघ्यावर हात टेकून, वयामुळे कष्टाने, खाली बसून ताट जमिनीवर ठेवले, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि तिथूनच नमस्कार केला. आरती झाली, टाळ्यांवर झाली. उठताना त्यांनी आधारासाठी हात पुढे केला तो चंद्रभागाबाईंनी धरला. अण्णांनी तो सोडवून घेतला. किल्ली मात्र त्यांच्या तळहातावर ठेवून ते निघून गेले.

दार राखले गेले. बाईंची खोली राहिली नाही. दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली आणि संगणकांची सारी देखरेख बाहेरच्या एका कंपनीकडे देण्याचे ठरले. निवृत्त होईपर्यंत चंद्रभागाबाईंनी चौकशीच्या खिडकीवर बसावे, असा निरोप शिपायाकरवी आला. शुभांगी तावातावाने म्हणाली, "भांड जाऊन. एवढं केलंस तू." बाई म्हणाल्या, "खोलीसाठी भांडले. माझ्यासाठी कशाला भांडू?"

कंपनीचा माणूस समाधान आहेर देवळ्याचा होता, तिशीतला, बोलका. चंद्रभागाबाईंनी त्याला खोली दाखवली, रोजची प्रत कशी घ्यायची ते दाखवले, यंत्रांतल्या पेन ड्राइव्हच्या जागा कशा बंद केल्या आहेत तेही दाखवले.

"एक नंबर काम केलंय, ताई," समाधान म्हणाला. "मला तर काही करायलाच ठेवलं नाही तुम्ही."

"ठेवलंय. मुख्य पासवर्ड बदला."

"राहू द्या की तुमचाच. काही अडलं तर तुम्हालाच विचारायला येणार मी. तुम्ही काय परक्या आहात का?"

"आजपासून आहे. बदला."

"अहो, पण..."

"समाधान, ज्याचं काम गेलं त्याचा शब्द त्याच दिवशी बदलायचा. हा नियम मी प्रत्येकाला लावला. मला का नाही?"

तो खुर्चीवर बसला. चंद्रभागाबाईंनी पदर सावरला, मागे वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रंग उडालेल्या त्या भिंतीवर पूर्वीच्या फळ्यांचे खिळे तसेच होते. मागे कळफलकाच्या कळा वाजल्या आणि लगेच थांबल्या.

"फार लहान झाला," त्या भिंतीकडे पाहतच म्हणाल्या. "पुन्हा करा."

समाधान ओशाळून हसला. कळा पुन्हा वाजू लागल्या, या वेळी सावकाश, विचार करत, बराच वेळ. त्या थांबल्यावरही बाई वळल्या नाहीत.

"झालं, ताई."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे न पाहता बाहेर पडल्या. "आतून लावून घ्या," एवढेच म्हणाल्या. दार लागले. कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या, मग चौकशीच्या खिडकीकडे चालू लागल्या. तिथे लोक केव्हाचे ताटकळत होते.