चिंगीच्या केसांतली हवा

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. लाकडी मूठ, तारेचे दात, त्यांतले काही आता वाकडे झालेले. कारखान्यात मला कुत्र्यांसाठी बनवलं होतं, पण माझ्या नशिबी कुत्रा नव्हता. मला विकत घेतलं ते समुद्रकाठच्या प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींनी.

तिथे बहुतेक जखमी सील यायचे. बर्फासारख्या पाण्यातही ते खुशाल लोळायचे. त्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तोच अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्यांना माझा काय उपयोग? मी खिळ्याला टांगलेला, माश्या मारत बसलेला.

मग एके सकाळी चिंगी आली. समुद्री पाणमांजराचं पिल्लू, वादळात आईपासून ताटातूट झालेलं. अंग थरथरत होतं, पण ओरडून ओरडून तिने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. पाणमांजराला चरबीचा तसा थर नसतो. त्याची सारी भिस्त केसांवर. ते इतके दाट असतात की त्यांच्यात हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. पण केस मळले, गुंतले की हवा निघून जाते आणि गारठा थेट अंगाला भिडतो. पिल्लाचे केस आई चाटून, फुंकून मोकळे करते. चिंगीजवळ आई नव्हती. मावशी होत्या, टॉवेल होता आणि मी होतो.

किती सुखाचे दिवस होते ते! मी केसांतून फिरू लागलो की चिंगी ओरडायची थांबे आणि पोट वर करून पडून राही. केस फुलले की टाकीत बुचासारखी तरंगे. डॉक्टर दारातून चिडवत, "मावशी, लग्नाला निघालीय का ती? किती नटवाल?"

"तुम्ही तुमची इंजेक्शनं बघा," मावशी म्हणत. मी आपला उगाच फुशारून जाई.

चिंगी मोठी झाली. शिंपले फोडायला शिकली. खाणं तर असं की विचारू नका. अंगात ऊब टिकवायची तर पोटाला सतत काहीतरी हवंच. पण स्वतःचे केस मात्र ती साफ करेना. पाण्यातून यायची आणि माझ्यासमोर ऐटीत पोट वर करून पडायची.

एकदा मावशींना यायला उशीर झाला. डॉक्टरांनी चिंगीच्या केसांत बोट घातलं, तर आत कातडीसुद्धा ओली. बिचारी कुडकुडत होती.

"मावशी, आजपासून ब्रश बंद," मावशी येताच ते म्हणाले.

"अहो, गारठेल हो ती!"

"इथे गारठली तर आपण आहोत. समुद्रात कोण आहे? स्वतः शिकली नाही, तर तिला कधीच सोडता यायचं नाही."

मावशींनी मला कपाटात ठेवलं. चिंगी ओरडे, टाकीच्या खोलीच्या दारावर पंजे मारी. मावशी दाराच्या अलीकडे उभ्या राहून नाक ओढत. माझा जीव तीळतीळ तुटे. एका दुपारी ओरडणं अचानक थांबलं. मावशी घाबरून धावल्या.

"डॉक्टर, या लवकर! घासतेय हो, स्वतःचं अंग स्वतः घासतेय! शेपटीपासून सुरुवात केलीय वेडीने!"

पुढे थोड्याच दिवसांत मावशी नावेतून तिला सोडून आल्या. मला कोणी नेलं नाही.

"वळून पाहिलंसुद्धा नाही हो तिने," त्या डॉक्टरांना सांगत होत्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

आता मी कपाटातच असतो. माझ्या दातांत तिचे थोडे केस अडकलेत, मावशी ते काढत नाहीत. मला तिची फार आठवण येते. कधी वाटतं, आणखी एखादं पिल्लू यावं. मग माझीच मला लाज वाटते, कारण ते येईल ते आईपासून दुरावूनच येईल.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच विनवतो. समुद्रात तेल, कचरा, काही जाऊ देऊ नका. चिंगीच्या केसांना ते चिकटलं, तर तिच्या एकटीच्याने निघायचं नाही. आणि तिथे मी नाही.