घुशींची राणी आणि मी, थिएटरातली गादी

मी थिएटरातली गादी बोलतेय. पुढच्या माणसाच्या डोक्याआड पडदा जाऊ नये म्हणून लहान मुलांच्या खुर्चीवर जी जाड, लाल, रेक्झिनची गादी ठेवतात ना, तीच मी. मोठी माणसं मला उचलतात, झटकतात आणि विसरतात. मुलं मात्र माझ्यासाठी भांडतात, त्यामुळे मला थोडा तोरा आहे. तेवढा चालवून घ्या.

खुर्च्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलं. शिवून झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर बसला, जरा उसळला आणि म्हणाला, "पोरांची चैन आहे." असं कौतुक जन्मतःच कानावर पडलं, की माणूस काय, गादीसुद्धा बिघडते.

मी आजवर एकही चित्रपट पाहिलेला नाही. खेळ सुरू झाला की माझ्या तोंडावर कोणीतरी बसलेलं असतं. पण मुलांचा चित्रपट कसा आहे, हे मलाच विचारा. समीक्षक डोक्याने ठरवतात, मी बुडावरून ठरवते. रंगलेलं मूल माझ्यावर सैल आणि जड बसतं. कंटाळलेलं मूल टाचा आपटतं. घाबरलेलं मूल एकदम हलकं होतं, कारण ते निम्मंअधिक शेजारच्या मांडीवर सरकलेलं असतं. आणि शेजारची मांडी मोबाइलमध्ये बुडालेली असेल, तर बिचारं माझ्याच कडा घट्ट धरून बसतं.

हल्लीच्या चित्रपटांबद्दल माझी तक्रार आहेच. आवाज एवढा मोठा, की माझा फोम थरथरतो. एक पळापळ संपते न संपते तोच दुसरी सुरू. मधेच सगळे बाबालोक खो खो हसतात, मूल विचारतं, "काय झालं?" आणि उत्तर मिळतं, "काही नाही, तू बघ." अरे, मग चित्रपट कोणासाठी आहे? पण सगळ्यांना एकाच माळेत ओवणार नाही मी. आनंदाने उड्या मारणारी मुलंही मीच झेलली आहेत.

अशात एके दिवशी मिरी आली. चार वर्षांची, मिरीएवढीच आणि मिरीसारखीच तिखट, म्हणून घरात तिला मिरी म्हणत. तिची आई कार्टूनपटांना आवाज देते. त्या दिवशीच्या चित्रपटात ती घुशींची राणी झाली होती. घरी मायलेकी लपाछपी खेळत, तेव्हा आई म्हणायची, "कुठे लपलंय माझं पिल्लू? वास आला हं मला!" की मिरी खिदळत बाहेर. आवाज देताना आईने तेच वाक्य हौसेने राणीच्या तोंडी घातलं होतं. लेकीने ओळखावं, खूश व्हावं, एवढाच तिचा हेतू.

मिरीने ओळखलं. दात विचकलेल्या अवाढव्य घुशीच्या जबड्यातून स्वतःची आई बोलताना तिने ऐकली, आणि ती माझ्यावर दगडासारखी घट्ट झाली. मग मला छातीशी कवटाळून ती थेट दाराकडे पळाली. काही केल्या मला सोडेना. दारावरचे काका म्हणाले, "राहू द्या ताई, गादी घेऊन जा. पोर शांत झाली की आणून द्या."

अशी मी घरी गेले. घर पाहून जीव हरखला, पण घरात बोलणंच नव्हतं. आईने तोंड उघडलं की मिरी कानांवर हात ठेवायची. गोष्ट नको, हाक नको, लपाछपी तर नकोच. जिच्या आवाजावर जग खूश, तिचा आवाज तिच्याच लेकीला नकोसा झाला. आई स्वयंपाकघरात तोंड धुवायच्या निमित्ताने रडायची. मला फार वाईट वाटायचं.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, कडाडले. "एवढ्याशा पोरीला काय दाखवावं, काही अक्कल?"

"बाबा, लहान मुलांचाच सिनेमा आहे तो."

"लहान मुलांना विचारून केलाय का?"

"आणि तुमच्या गोष्टीतला राक्षस? तो तर माणसं खातो. तेव्हा नाही ती घाबरत?"

"खातो की. पण मिरीने थांबा म्हटलं, की माझा राक्षस घास खाली ठेवून थांबतो. तुझी घूस थांबते का?"

आई म्हणाली, "एका ठिकाणी थांबते."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत होतो. मिरी यायला तयार नव्हती, पण मी बरोबर असल्यावर आली. माइकसमोरच्या उंच खुर्चीवर मला ठेवलं आणि माझ्यावर तिला. रेकॉर्डिंगवाले काका काचेपलीकडून म्हणाले, "मिरीताई, तू हात वर केलास की राणी थांबणार. इथे तुझा हुकूम."

समोरच्या छोट्या पडद्यावर राणी आली. मिरी अर्धवट उठून हलकी झाली. पण हात वर केला. राणी जबडा वासून जागच्या जागी. हात खाली, राणी चालू. हात वर, पुन्हा बंद. हळूहळू माझ्यावर भार येऊ लागला, आणि मला कळलं, ही आता रंगली. मग आई तिच्यासमोर उभी राहून राणीचं वाक्य बोलली. मिरीने कान झाकले नाहीत. आईचे फुगलेले गाल, वाकडा ओठ, सगळं तिने नीट पाहिलं.

"मी करू?" ती म्हणाली.

काकांनी तिचा आवाज राणीच्या तोंडी बसवला. एवढी आडदांड घूस चिवचिवत म्हणाली, "वाथ आला हं मला!" मिरी हसून हसून माझ्यावरून खालीच पडली. इतका गोड अपमान माझा कधी झाला नव्हता.

मला परत करायचं ठरलं, तेव्हा मिरीने अट घातली: तोच सिनेमा, तीच खुर्ची. आजोबाही आले, कुरकुरत. राणीचा प्रसंग आला आणि शेजारची गोबऱ्या गालांची मुलगी रडू लागली. आजूबाजूच्या सगळ्या गाद्यांवरची मुलं हलकी झाली. तशी मिरी बुटांसकट माझ्यावर उभी राहिली आणि ओरडली, "घाबरू नका रे! ती माझी आई आहे!"

सगळं थिएटर हसलं. शेजारची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "घरी पण कुरतडते?"

"फक्त काकडी," मिरी म्हणाली.

त्यानंतर राणी आली की पोरंच तिला "वास आला!" म्हणून चिडवू लागली. सगळ्यांत मोठा आवाज आजोबांचा होता.

खेळ संपला. दारावरच्या काकांनी आम्हा गाद्यांचा बाहेर ढीग रचला, मी सर्वांत वर. एवढ्यात मिरी दिसेना. आई दचकली, मग ढिगामागून डोकावणारा छोटा बूट तिला दिसला. ती जागीच उभी राहिली. ते वाक्य बोलायचा तिला धीर होत नव्हता. शेवटी अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, "कुठे लपलंय माझं पिल्लू? वास आला हं मला."

ढिगामागून खिदळणं फुटलं आणि मिरी आम्हा सगळ्या गाद्यांना पाडून आईच्या गळ्यात जाऊन पडली. मी जमिनीवर उलटी पडले होते, पण जिंकले होते.

आता माझं रेक्झिन एका कोपऱ्यात उसवलंय. मिरीच्या बुटांचे दोन खळगेही भरून आलेले नाहीत. काका म्हणतात, नवं कापड लावू. लावा बापडे, पण खळगे राहू द्या, ती माझी पदकं आहेत. आणि मंडळी, तुम्ही मुलांना घेऊन जरूर या. फक्त मोबाइल खिशात ठेवा आणि मांडी मोकळी ठेवा. मूल थांब म्हणालं, तर पडद्यावरची राणी थांबणार नाही. तेव्हा तुम्ही थांबा. बाकी सांभाळायला मी आहेच.