चार्जिंगच्या भोकातली अक्षता

दसऱ्यापासून रेवतीच्या फोनला नखरे सुचले होते. केबल दाबून धरली की चार्जिंग सुरू, हात काढला की बंद. सासरे नंदकुमार चिकटपट्टीचे परमभक्त. कांदिवलीच्या त्या घरातली एकही वायर त्यांच्या काळ्या पट्टीच्या तावडीतून सुटली नव्हती. त्यांनी फोन लाटण्यावर तिरका टेकवला, केबल रबरबँडने आवळली आणि जाहीर केलं, "झकास! आता कुणी हलवायचं नाही." तेव्हापासून घरातल्या पोळ्या बाटलीने लाटल्या जात होत्या.

आज मात्र लाटण्यानेही हात टेकले. आणि आजच अंधेरीच्या स्टुडिओतून फोन यायचा होता. लग्नाच्या आधीपासून रेवती ऑडिशनं देत होती, आणि पहिल्यांदाच एका मालिकेसाठी गाडी शेवटच्या दोघींपर्यंत आली होती. "पाचच्या आत कळवते. फोन लागला नाही, तर दुसरीला घेऊ," असं तिथल्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. सिमही मेलं ई-सिम, काढून दुसऱ्या फोनात घालायची सोय नाही.

"केबल बोगस आहे," नंदकुमार म्हणाले.

"बाबा, ही तिसरी नवी केबल आहे!"

"मग तिन्ही बोगस."

सासूबाई, वनमालाबाई, देवघरापाशी वाती वळत होत्या. "एवढं काय जिवाला लावून घ्यायचं? यायचा तर येईल फोन."

रेवतीचं डोकंच फिरलं. या बाईंनी आजवर तिच्या कामाला काम म्हटलं नव्हतं. शेजारणींना सांगायच्या, 'आमची सून घरीच असते.'

"नाही आला तर तुम्हाला बरंच वाटेल ना, आई!"

वनमालाबाईंनी कापसाचा पेळू पुढे ओढला. तेवढ्यात फोनची स्क्रीन काळी पडली. लागली वाट!

रेवतीने सासऱ्यांच्या फोनचा टॉर्च मारून भोकात डोकावून पाहिलं. केबल पुरती आत जातच नव्हती, काहीतरी अडकलं होतं. तिने दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि श्वास रोखून कोरायला लागली. आधी खिशातला मळ निघाला, मग लाल भुकटी, मग तांदळाची एक कणी. कुंकवात माखलेली.

"आई, हे काय?"

वनमालाबाई वातीतून मान वर काढेनात. "दसऱ्याला तू आंघोळीला गेलीस तेव्हा पाटावर मांडला होता. यांची पक्कड, माझी विळी नि तुझा फोन. अक्षतांत कणी आली वाटतं, निवडायची राहिली."

"अहो, पण फोन कशाला?"

"हत्यारांची पूजा असते ना गं त्या दिवशी? यांचं हत्यार पक्कड, माझं विळी. तू भिंतीला फोन टेकून ऑडिशनं करतेस. मग तुझं हत्यार काय, लाटणं?"

रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने केबल घातली. खट्कन बसली. फोन उजळला आणि जरा वेळाने वाजायलाच लागला. अंधेरीचा नंबर.

"आई, मगाशी मी..."

"ते नंतर. आधी उचल तो," वनमालाबाई म्हणाल्या आणि रेवतीच्या तळहातावरची कणी घेऊन त्यांनी ती तिच्या डोक्यावर टाकली.