मुसकं

मुसकं म्हणजे काय, हे ज्याच्या गोठ्यात बैल होता त्याला सांगावं लागत नाही. कपाशीत तण काढायला डवरा चालताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडावर दोरीची जाळी बांधतात, ते मुसकं. पण सौंसरच्या एका जिनिंग कारखान्यात मुसकं म्हणजे धूळ गाळणारा मास्क. हे नाव कुठून आलं ते तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मंगलाला आठवलं की स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मंगला आणि वत्सला एकाच रेच्यावर कापूस टाकायच्या. रेचा सरकी वेगळी करतो आणि हवेत रुईचा भुसा उडवतो. तो नाकातोंडात जातो, छातीत बसतो. मंगलाची पोरगी स्नेहा नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिनं आईला गालांवर दोन डब्या असलेला चांगला मास्क आणून दिला.

"माय, हा काढला तर मले तोंड दाखवू नको."

मंगला तो लावून कामावर गेली. बायांच्या नजरा वळल्या. पोरगी शिकली तर बया मिजाशीत आली, असंच म्हणत असतील मनात. मंगलाला ते सोसवेना. कोणी काही बोलायच्या आत तीच बैलासारखी मान हलवत म्हणाली, "पाहा वं, पोरीनं मले मुसकं बांधलं. आता कापूस खाता येत नाही."

बाया हसून लोटपोट झाल्या. वत्सला तर पदरानं डोळे पुसत होती. मंगलाला हायसं वाटलं. आपल्याला कोणी परकं केलं नाही, यातच तिला सगळं मिळालं.

नाव पसरायला कितीसा वेळ लागतो? हमाल म्हणू लागले, ट्रकवाले म्हणू लागले. येता-जाता कोणीतरी बैल हाकल्यासारखं "हुर्र" करी. शेवटी मंगलानं मास्क पिशवीत घातला तो घातलाच. पुढे तपासणीच्या धाकानं मालकानं सगळ्यांसाठी मास्क आणले. मुकादम गजानन वाटायला आला, तर बाया म्हणाल्या, "आमी का बैल आहो का?" गजाननच्या तर पथ्यावरच पडलं. कोणी विचारलं की सांगे, "बायाइलेच नको, मी काय करू?" मेल्याला तेवढं बरोबर सुचत होतं.

मग वत्सलाला खोकला लागला. काढे झाले, जामसांवलीच्या मारुतीला नवस झाला, तरी उतरेना. चार पावलं चालली की बसून घ्यायची. मंगला तिच्या अक्षरशः पाया पडली.

"वत्सला, मास्क लाव वं. मीबी लावीन."

"आता शहाणपण शिकवून राहिली का? तूच म्हटलं होतं ना, मुसकं हाय म्हणून."

"ते हसासाठी म्हटलं होतं."

"मग हस ना," वत्सला म्हणाली आणि खोकत रेच्याकडे वळली.

शेवटी तिला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. नर्स ऑक्सिजनचा मास्क लावायला वाकली. वत्सलाला बोलायला दम नव्हता, तरी म्हणालीच, "मलेबी मुसकं बांधून राहिल्या का वं?" खाटेभोवतीच्या बाया रडता रडता फिसकन हसल्या. तिनं मास्क बाजूला सारला. नर्सनं पुन्हा बसवला, तिनं पुन्हा सारला. मंगलानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "राहू दे वं, माझी माय, राहू दे." तेव्हा कुठे मास्क तोंडावर राहिला. पण छातीत काही उरलंच नव्हतं. दिवस मावळायच्या आत वत्सला गेली.

मातीला जमलेल्या बाया एकेक करून मंगलाजवळ आल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हसत गेली बिचारी. तुयाच शब्दानं हसली, मंगला. पुण्य लागलं तुले."

मीच मारलं तिला, असं मंगलाला ओरडून सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण साऱ्याजणी तिच्याकडे इतक्या मायेनं पाहत होत्या, इतकं आपलं मानून.

"हाव," मंगला म्हणाली. "लय हसे ते."