बोटभर जास्त

दुर्गदबैलाच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात पांडुरंगनं तेवीस वर्षं गज हातात धरला, आणि गिऱ्हाइकाला बोटभर जास्त दिल्याशिवाय कात्री चालवली नाही. काटेकोर मोजायचं ते सरकारनं, माणसानं थोडं वरून द्यावं, हे त्याचं शास्त्र. दुकान बंद पडलं, तेव्हा धारवाडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायची नोकरी लागली. शास्त्र मात्र तो बरोबर घेऊन आला.

२००५ साली तिथं दीपश्री संशोधन करत होती. वय बत्तीस, चपला झिजलेल्या, जेवणाची शुद्ध नाही. पण उंदराला सुई टोचतानाही "झालंच रे" म्हणणारी. पांडुरंगला या बाईचं भारी कौतुक. एकदा धीर करून त्यानं विचारलं, "माझ्या धाकट्या भावाच्या, गोपाळच्या दंडावर बीसीजीचा वण होता की. तरी चौतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. कसं ओ, मॅडम?"

दुसऱ्या कुणी उडवून लावलं असतं. तिनं स्टूल ओढून त्याला बसवलं.

"लस शरीराला भांडायला शिकवते, अण्णा. पण अंगात भांडण आवरणाऱ्या पेशीही असतात. घरातला थोरला कसा 'बस झालं' म्हणतो, तशा. त्या नसत्या तर शरीर स्वतःचंच घर जाळेल. पण लस देतानाही त्या आवरत असल्या, तर शिकवणी अर्धीच राहत असेल का? तेच मला बघायचंय."

"म्हणजे गोपाळच्या अंगातला थोरला जरा जास्तच बोलला?"

"असेलही. ठाऊक नाही. म्हणून तर हे उंदीर."

सगळ्या उंदरांना लस दिली. निम्म्यांच्या अंगातल्या त्या आवरणाऱ्या पेशी औषधानं कमी केल्या. मग तळपायात क्षयाच्या जंतूंचा निर्जीव अर्क टोचून दोन दिवसांनी काट्याच्या मापकानं सूज मापायची. सूज जास्त, तर शरीर लढायला जास्त तयार. मापायचं काम पांडुरंगचं, कारण त्याच्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता.

आकडे झकास आले. पेशी कमी केलेल्या उंदरांची सूज दीडपट! अनुदान ऑगस्टमध्ये संपणार होतं, ते पुढं चालणार की नाही हे या आकड्यांवरच ठरायचं होतं. दीपश्रीनं आनंदानं सुभाष रोडवरून सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणलं. पांडुरंगनं आपला पुडा तसाच बाजूला ठेवला.

"मॅडम, मी थोडं जास्त धरलो."

"काय जास्त?"

"माप. कुठल्या पिंजऱ्याला औषध दिलात ते मला ठाऊक होतं की. काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला, की त्यांची वरची रेघ धरलो. तुमचं काम व्हावं म्हणून. आणि गोपाळचंही काही कळावं म्हणून."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता नोकरी गेली, असं समजून पांडुरंग खाली मान घालून उभा राहिला. तिनं आकड्यांचा कागद बाजूला सारला.

"चूक माझी आहे, अण्णा. कुठला पिंजरा कुठल्या गटातला, हे मापणाऱ्याला कळूच द्यायचं नसतं. मी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या झाकायला हव्या होत्या."

त्याच दुपारी तिनं अनुदान देणाऱ्यांना स्वतःहून कळवलं, की हे आकडे धरू नका. त्यांनी आकडे धरले नाहीत आणि अनुदानही वाढवलं नाही. उरलेल्या महिन्यांत तिनं प्रयोग पहिल्यापासून मांडला. पिंजऱ्यांवर नुसते नंबर, आणि नंबरांची यादी दुसऱ्या विभागातल्या बाईंच्या कपाटात. मापायची वेळ आली तेव्हा मापक तिनं पुन्हा पांडुरंगच्याच हातात दिला.

"मीच?"

"दुसरा एवढा चांगला हात आणू कुठून?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यानं मापक लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सूतभरही वरून दिलं नाही.

यादी उघडली. फरक होता, पण जेमतेम पाचव्या हिश्शाचा.

"एवढाच ओ?"

"एवढाच. गोपाळचं उत्तर यातून मिळत नाही, अण्णा. पण पुढं जो शोधेल, त्याला हे धरून चालता येईल."

आकड्यांच्या खाली तिनं लिहिलं: मोजमाप, पांडुरंग. त्यानं ते दोनदा वाचलं. गोपाळच्या नावानं त्यानं आजवर देवापुढं, गुरवापुढं, भिकाऱ्यापुढं हात सैल सोडून खूप दिलं होतं. बरोबर मापून दिलेलं हे पहिलंच होतं.