पुलामागचा तक्ता

माझ्या नातीच्या प्राथमिक शाळेचं वार्तापत्र दर शुक्रवारी अकरा वाजता शाळेच्या वेबसाइटवर आपोआप झळकतं. त्याआधी ते माझ्या नजरेखालून जातं. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, तेवढ्या भांडवलावर सूनबाईनं हे काम माझ्या गळ्यात घातलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मजकूर पाठवतात. मी वाचून ‘ठीक आहे’ असं कळवतो. वर्ष झालं, पण त्यांच्याशी मी एकदाही बोललेलो नाही. समोर माणूस आला की माझी वाक्यं अर्ध्यावरच बसकण मारतात.

त्या शुक्रवारी पहिलीच बातमी तिसरीच्या वर्गाची होती. मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांचा पूल बांधला होता आणि मोठ्या बाई स्वतः त्यावर उभ्या राहिल्या होत्या. पूल टिकला. मी दोन अनुस्वार आणि एक तारीख दुरुस्त केली, दहाला ‘ठीक आहे’ पाठवलं आणि निवांत चहा घेतला.

आमची भिंगरी त्याच वर्गातली. कांजिण्यांमुळे आठवडाभर घरात अडकलेली. स्वतःच्या हातांनी चिकटवलेल्या पुलावर बाई चढल्या, तो क्षण तिचा हुकला होता. त्यामुळे साडेदहाला उठल्या उठल्या, अंगभर गुलाबी औषधाचे ठिपके मिरवत ती माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

“माझा खांब दाखवा. डावीकडून तिसरा.”

मी फोटो उघडला. आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत, असा शाळेचा नियम आहे. त्यामुळे सगळी पाठमोरी, हात वर करून नाचणारी.

“मोठा करा ना. अजून. अजून! आजोबा, तुम्ही गोगलगाय आहात का?”

माझं बोट बाजूला सारून तिनंच फोटो मोठा केला. खांब सापडला. त्याचं मनसोक्त कौतुक करून झाल्यावर ती फोटोत आणखी वर सरकली.

“अय्या, आमचा तक्ता!”

“कसला तक्ता?”

“पासवर्डचा. सगळे विसरतात ना, म्हणून भिंतीवर लावलाय. हा बघा माझा.”

खरंच, पुलामागच्या भिंतीवर लख्ख दिसत होतं: एकतीस नावं, आणि प्रत्येकापुढे अभ्यासाच्या साइटचा पासवर्ड. त्या साइटवर मुलं एकमेकांना निरोपही लिहितात.

“म्हणजे हे वाचून कुणीही आत शिरेल?”

“हो. आणि माझ्या नावानं कुणाशीही बोलेल,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. “आजोबा, हे सगळ्यांना दिसणार?”

मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. छापखान्यात चित्रं बघणं हे दुसऱ्याचं काम असे. मी घाईघाईनं ईमेल केली. पावणेअकरा झाले तरी उत्तर नाही.

“बाबा, फोन करा!” शेजारच्या खोलीतून कामात बुडालेली सूनबाई ओरडली.

“तूच कर ना.”

“माझी मीटिंग चालू आहे. आणि ‘ठीक आहे’ कुणी पाठवलं होतं?”

टोमणा वर्मी लागला. काय बोलायचं ते मी कागदावर लिहिलं, त्यातला एक शब्द खोडला. तेवढ्यात भिंगरीनं नंबर लावून फोन माझ्या कानाला टेकवलासुद्धा.

“हॅलो, शाळा,” कारकुनाचा आवाज आला.

“नमस्कार. मी आपल्या वार्तापत्राचा... म्हणजे, तिसरीतल्या मुलीचा...”

“काका, मोठ्यानं बोला.”

“मोठ्या बाईंशी जरा...”

“बाई पालकांच्या सभेत आहेत. बारानंतर करा.”

माझा कागद इथेच संपला. ‘बरं, करतो’ हे शब्द ओठांवर आले होते. जन्मभर तेच म्हणत आलो. भिंगरी घड्याळाकडे बघत होती. अकराला आठ कमी.

“बारापर्यंत थांबता येणार नाही,” मी म्हणालो. “एकतीस मुलांचे पासवर्ड आठ मिनिटांत जगजाहीर होणार आहेत. बाईंना उठवा. मी फोन ठेवत नाही.”

“अहो, पण सभा चालू असताना कसं...”

“उठवा म्हणतो ना!”

सूनबाई कानातले इअरफोन काढून दारात आली. पलीकडे खुर्ची सरकली, मग पळत्या चपलांचा आवाज. भिंगरी तर कपाटातून वाघ निघाल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

“बोला आजोबा,” मोठ्या बाई धापा टाकत होत्या.

मी सांगितलं. एकाही वाक्यानं बसकण मारली नाही. पलीकडून संगणकाची टकटक ऐकू आली. मग एक मोठा सुस्कारा.

“थांबवलं. चार मिनिटं उरली होती.”

“चूक माझीच. मी फोटो पाहिलाच नाही.”

“तुमची कसली? तो फोटो मी निवडला. का, तर त्यात मी बारीक दिसते! आणि तक्ता रोज डोळ्यांसमोर असून मी तो तसाच राहू दिला.” “सभा कशाची चालू आहे, माहितीये का? मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवावं, याची. आता आत जाऊन काय सांगू?”

“हेच सांगा,” मी म्हणालो.

त्या हसत सुटल्या. मीही हसलो, फोनवर, परक्या माणसाशी. असं कधी झाल्याचं आठवत नाही.

त्यांनी खरोखरच सगळं सांगितलं. तक्ता उतरला. सव्वाबाराला वार्तापत्र आलं, तेव्हा फोटोत फक्त बाईंचे बूट आणि खालचे खांब होते. “इथे तर माझा खांब आणखी मोठा दिसतोय!” भिंगरी खोलीभर नाचली.

दुपारी वर्गाच्या बाईंचा निरोप आला: सगळ्यांनी नवा पासवर्ड करायचा, तो फक्त आईबाबांना सांगायचा. भिंगरी लगेच संगणकासमोर बसली आणि मला म्हणाली, “तुम्ही तिकडे तोंड करा.”

“मला नाही सांगणार?”

“आईला सांगेन. तुम्ही आता फार मोठ्यानं बोलता.”

मी निमूटपणे खुर्ची खिडकीकडे फिरवली. पाठीमागे एका बोटानं सावकाश टकटक सुरू झाली.